कर्ण आपला नव्हे, शोण आपला

दलित कवितेत कर्ण लई झाला. आपलं कुठलंही अनियतकालिक उघडा, दुसऱ्या तिसऱ्या पानावर कर्ण भेटतोच. त्याच्या पुढं एकलव्य, त्याच्या पुढं शंबूक. शंबूकाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो शूद्र म्हणून तपाला बसला आणि शूद्र म्हणूनच त्याचं मुंडकं उडवलं गेलं. त्याच्या अंगात कुठला राजा लपलेला नव्हता. कर्णाचं तसं नाही. आणि म्हणूनच हे लिहायला घेतलंय.

मित्रांनो, मराठीतलं हे कर्णवेड पसरवलं ते आपल्याच जिल्ह्यानं. 'मृत्युंजय' १९६७ साली आली. लेखक शिवाजी सावंत, आजऱ्याचे, कोल्हापुरात शाळामास्तर. १९७३ साली 'राधेय' आली. लेखक रणजित देसाई, कोवाडचे, म्हणजे चंदगड तालुक्यातले. आणि ह्या दोघांच्या आधी १९५९ साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली. तेही कोल्हापुरातच राहत होते. त्या पुस्तकाला १९६० साली साहित्य अकादमी आणि पुढं १९७४ साली ज्ञानपीठ मिळालं. तिन्ही कादंबऱ्या घराघरात वाचल्या गेल्या. कॉलेजात लागल्या, वाढदिवसाला भेट दिल्या गेल्या. ज्या घरात दुसरं पुस्तक नाही त्या घरात 'मृत्युंजय' सापडते.

समीक्षक ह्यांना पौराणिक कादंबऱ्या म्हणतात. मी अद्भुतकथा म्हणतो. पोरगं कवच घालूनच जन्माला येतं, सूर्य येऊन पोर देऊन जातो, बाप आपलं म्हातारपण पोराच्या अंगात घालतो आणि पोराचं तारुण्य स्वतः घेतो. ह्याला दुसरं काय म्हणायचं? अद्भुतकथा लिहू नये असं मी म्हणत नाही. मला त्या आवडतात. पण अद्भुतकथेत लेखकाला काहीही करायची मोकळीक असते. घोडा उडवा, डोंगर बोलवा. एवढी मोकळीक असताना तो लेखक रक्ताच्या बाबतीत मात्र गावच्या पाटलाइतकाच सनातनी का राहतो, हा माझा प्रश्न आहे.

आता कर्णाचं बघा. सारथ्याच्या घरात वाढलेला पोरगा धनुर्धर होतो, राजा होतो, दानशूर होतो. सगळे विचारतात, हे सूताच्या पोराला कसं जमलं? उत्तर तयार असतं: तो सूताचा नव्हताच की. तो कुंतीचा, सूर्याचा. म्हणजे शंका विचारणाऱ्यांचं बरोबरच होतं! सूताच्या पोराला हे जमत नाही, असं जे रंगमंडपात कृपाचार्य आणि भीम म्हणत होते ते कथेनंच खरं करून दाखवलं. भीम म्हणाला, चाबूक धर. वाचकाला भीमाचा राग येतो. का येतो? सूताचा अपमान झाला म्हणून नाही. हा सूत नसून ह्याला सूत म्हटलं म्हणून. वाचकाला पहिल्या पानापासून गुपित ठाऊक असतं. पांढरपेशा वाचक तिथं डोळे पुसतो ते क्षत्रियाच्या चुकलेल्या पत्त्यासाठी.

परशुरामाची गोष्ट घ्या. कर्ण ब्राह्मण असल्याचं सांगून त्याच्याकडं शिकतो. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपतो, कीड कर्णाची मांडी पोखरते, रक्त वाहतं, हा हलत नाही. गुरू उठतो आणि म्हणतो, एवढं सोसणं ब्राह्मणाला जमत नाही, ही सोशिकता क्षत्रियाची. वा रे न्याय! सोसण्याची सुद्धा जात ठरलेली. सोसायला कोण कुणापेक्षा तयार असतं हे ह्या देशात विचारायला पाहिजे का? रातपाळीला साच्यावर आठ तास उभी राहणारी माणसं कुठल्या सूर्याची लेकरं आहेत? पण कथेला मांडीतनं वाहणाऱ्या रक्ताकडनं साक्ष काढायची आहे. रक्त बोललं पाहिजे, खालचा माणूस वर जाताना दिसला की त्याचं रक्त वरचंच होतं हे कुणीतरी सांगितलं पाहिजे.

गंमत अशी, की त्या प्रसंगात खुद्द कर्ण काय उत्तर देतो? तो सांगतो की मी सूत आहे, ब्राह्मण आणि क्षत्रिय ह्यांच्या मधल्या जन्माचा. हे महत्त्वाचं आहे. सूत म्हणजे आपल्याला नुसता सारथी वाटतो. (आम्ही सूतगिरणीतली माणसं, 'सूतपुत्र' म्हटलं की आधी डोळ्यापुढं बॉबिन येते.) पण मनूच्या दहाव्या अध्यायात सूत ही संकरज जात आहे. क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई, ह्यांची संतती सूत. तिला घोडे आणि रथ सांभाळायचं काम. म्हणजे अधिरथाचं घराणं मुळात दोन्ही वरच्या वर्णांचं आणि तरी खालचं. कारण मिसळ उलटी झाली, बाई वरची आणि बाप्या खालचा.

आता हाच नियम धरून 'ययाति' वाचा.

ययाति क्षत्रिय राजा. देवयानी शुक्राचार्याची लेक, म्हणजे ब्राह्मण. दोघांचं लग्न झालं, यदू आणि तुर्वसू झाले. मनूच्या हिशेबानं हे दोघं कोण? सूत! क्षत्रिय बाप, ब्राह्मण आई. यदूपासून यादव झाले, यादवांत कृष्ण झाला. म्हणजे कायदा सगळ्यांना सारखा लावला तर द्वारकेचा राजाही सारथ्याच्याच जातीचा निघतो. (कुरुक्षेत्रावर त्यानं सारथ्यच केलं म्हणा.) पण कृष्णाला रंगमंडपात कुणी कूळ विचारलं नाही. का? महाभारतातच उत्तर आहे. ययाति लग्नाआधी घाबरतो, वर्णसंकराचा अधर्म मला लागेल म्हणतो. शुक्राचार्य म्हणतो, मी तुला त्यातनं मोकळं करतो. झालं. एका ब्राह्मणाच्या एका वाक्यात संकर धुऊन निघाला. अधिरथाच्या आज्या-पणज्यांना असा शुक्राचार्य मिळाला नाही, एवढाच फरक.

आणि गादी कुणाला मिळाली? यदूला नाही. पुरूला मिळाली. पुरू शर्मिष्ठेचा, शर्मिष्ठा वृषपर्वा ह्या असुर राजाची लेक, आणि त्या वेळी देवयानीची दासी. दासीच्या, असुरीच्या पोटचा पोरगा वंशाचा मूळपुरुष झाला. कौरव-पांडव ज्या पौरव वंशाचा तोरा मिरवतात तो वंश शर्मिष्ठेच्या पोटातनं आला. केवढा मोठा विषय खांडेकरांच्या हातात होता! पण त्यांनी ययातीची वासना धरली, भोगाचा आणि संयमाचा प्रश्न धरला. तोही प्रश्न खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच, की ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापली कथा सांगतात तरी असुर रक्ताचा राजा कसा चालला, हा प्रश्न पुस्तकाच्या केंद्रात येत नाही. लेखक स्वतः दत्तक गेलेला माणूस. गणेश आत्माराम जन्मले आणि विष्णू सखाराम झाले. नाव आणि बाप कागदावर बदलतात हे ज्याला ठाऊक, त्यानं वंश ह्या वस्तूकडं जरा तिरप्या नजरेनं बघायला हरकत नव्हती.

पुढं या. शंतनूचं रक्त भीष्माबरोबर संपलं. धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर, तिघांचा बाप एकच, व्यास. व्यासाची आई सत्यवती, नाव चालवणारी. (तिलाही कथेनं सोडलं नाही. मासळीच्या पोटातनं आली, पण बीज वसू राजाचंच, अशी सोय करून ठेवलीय.) ह्या तिघांत दोघं राजे झाले, विदुर झाला नाही. का? आई दासी. मग पुरूची आई कोण होती? ती पण दासीच होती की. पुरूच्या वेळी बापाचं बीज मोठं. विदुराच्या वेळी आईचं पोट खोटं. पांडवांच्या वेळी तर पंडूचं बीजही नाही आणि तरी ते पंडूचे, कारण तिथं क्षेत्र मोजायचं ठरलं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये शंका काढली, की युधिष्ठिर हा विदुराचाच मुलगा असावा. ती खरी धरली तर धर्मराजच दासीपुत्राचा पोर. म्हणजे बीज, क्षेत्र, रक्त ह्यांचा एक नियम कुठंच नाही. तराजू एकाच्याच हातात आहे आणि गिऱ्हाईक बघून वजन बदलतंय.

एकलव्याचं काय केलं ते सांगतो, कारण आपले कवी कर्णानंतर त्याच्याकडंच जातात. महाभारतात तो निषादराजाचा मुलगा. अंगठा कापून दिला, संपलं. पण हरिवंश म्हणतो, तो मुळात वसुदेवाच्या भावाचा मुलगा, निषादांनी फक्त वाढवला! म्हणजे जंगलातल्या पोरानं मातीच्या पुतळ्यापुढं विद्या मिळवली हे सुद्धा सहन झालं नाही. त्याच्या अंगात यादवांचं रक्त भरून घेतलं. अंगठा घेतला होताच, नंतर जातही घेतली.

कोल्हापूरकरांना हे सगळं पोथीतलं वाटायचं कारण नाही. इथल्या पंचगंगेवर १८९९ साली कार्तिकात काय झालं ते आपल्याकडं शाळकरी पोराला ठाऊक असतं. छत्रपती शाहू स्नानाला उतरले, आणि भटजी त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणत होता. राजा झाला म्हणून काय झालं, शूद्राला वेद नाहीत. गादीवर बसलेल्या माणसाला नदीच्या पाण्यात उभं करून कृपाचार्याचाच प्रश्न विचारला: कूळ सांग. आणि त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी, १६७४ साली, शिवाजी महाराजांना राज्याभिषेकाआधी वंशावळ उदयपूरच्या सिसोदियांना जोडून दाखवावी लागली होती. गड घेतले, आरमार बांधलं, दिल्लीला धडक दिली, ते पुरलं नाही. रक्ताचा दाखला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पवाडा लिहिला तेव्हा त्यांना कुळवाडीभूषण म्हटलं. सिसोदिया म्हटलं नाही. ह्या एका शब्दात जे आहे ते 'मृत्युंजय'च्या एवढ्या जाडजूड पुस्तकात नाही असं माझं मत आहे. कुणाला पटो न पटो.

शाहू महाराजांचं रक्त म्हणाल तर ते कागलच्या घाटग्यांचं, १८८४ साली दत्तक येऊन भोसल्यांच्या गादीवर बसले. दत्तकविधानानं राजा झालेल्या माणसानं क्षत्रियत्वासाठी भांडावं, ह्यात एक पेच आहे, आणि तो झाकून ठेवू नये. वेदोक्ताची लढाई ही आम्हाला क्षत्रिय म्हणा अशी लढाई होती. १९२० साली क्षात्रजगद्गुरूची गादी त्यातनंच निघाली. जोतीरावांच्या सत्यशोधकीत ते बसत नाही. पण त्याच राजानं २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या, आंतरजातीय लग्नाला कायद्याचा आधार दिला, गंगाराम कांबळेच्या हॉटेलात चारचौघांत चहा प्याला. १९२० च्या मार्चात माणगावला बाबासाहेबांच्या शेजारी बसला. त्या चहाच्या कपात कुठल्या वंशाचं रक्त होतं? आपण शाहूंना का मानतो, वेदोक्तासाठी की चहासाठी, हे आपलं आपण ठरवलेलं बरं.

आता जगातल्या अद्भुतकथा. फार खोलात जात नाही. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४–५५) मळक्या कपड्यातला रानावनात फिरणारा ॲरागॉर्न जुन्या राजवंशाचा वारस निघतो, आणि त्याच्या हातानं जखमी माणसं बरी होतात म्हणून लोक ओळखतात की राजा आला. परशुरामाची कीडच ती, फक्त उलटी. हॅरी पॉटरच्या पुस्तकांत (१९९७ ते २००७) निदान हा प्रश्न उघड मांडलाय. जादूगार नसलेल्या आईबापांच्या पोरीला 'मडब्लड', म्हणजे चिखलरक्ताची, अशी शिवी आहे, आणि शुद्ध रक्ताचा झेंडा घेऊन नाचणारा खलनायक स्वतःच मिश्र रक्ताचा, बाप साधा माणूस. हे बाईंनी बरोबर हेरलंय. शुद्धतेचा जास्तीत जास्त कैवार मिसळीतल्या माणसाकडनं येतो. आपला कर्ण सुद्धा बघा. कर्णपर्वात शल्याशी भांडताना तो मद्र-बाहीक देशाला शिव्या घालतो. शिवी काय, तर तुमच्याकडं वर्णांचा घोळ आहे, आज ब्राह्मण असतो तो उद्या क्षत्रिय, परवा शूद्र, मग न्हावी. सूतपुत्र म्हणून जन्मभर ज्याला टोचलं, तो दुसऱ्याला संकरावरनं टोचतो! भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणतो. हा कर्ण आपल्या कवितेत कुणी आणला नाही.

आणि 'बाहुबली'. २०१५ साली पहिला भाग आला, २०१७ ला दुसरा. तान्हं पोर नदीच्या पुरावर एका हातानं उचलून धरलेलं, आदिवासी त्याला वाढवतात, आणि पोरगं काही केल्या खाली राहत नाही, धबधबा चढत राहतं. का? रक्त वर ओढतंय. ज्यांनी दूध पाजलं, नाव दिलं, त्यांच्यातला एकही जण तो धबधबा चढायला निघत नाही. त्यांचं रक्त खालीच बरं. वर गेल्यावर कट्टप्पा भेटतो. तोही रक्ताचाच बांधील, पूर्वजांनी दिलेल्या शब्दामुळं पिढ्यान्‌पिढ्या गुलाम. एका सिनेमात राजाचं रक्त आणि गुलामाचं रक्त दोन्ही आनुवंशिक, आणि थेटरात दोन्हींना शिट्ट्या. पुढच्याच वर्षी, २०१६ ला, 'सैराट' आला. पाटलाची आर्ची, मासे धरणाऱ्या घरातला परशा. त्यांचंही एक लेकरू आहे. मिश्र रक्ताचं. ते नदीतनं वाहून राजवाड्यात जात नाही. आईबापांच्या रक्तात पाय भरवून दाराबाहेर चालत जातं. नागराज मंजुळेंनी तिथं सिनेमा थांबवला.

ह्या लेकराची मराठी साहित्यातली जागा कुठं आहे, तर 'अक्करमाशी'त. शरणकुमार लिंबाळे, १९८४. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरला तो अक्करमाशी. सोनाराच्या काट्यावरचा शब्द माणसाच्या पोराला लावला. बाप पाटील, आई महार. कर्णाच्या कथेचं सगळं साहित्य इथं आहे: वरच्या रक्ताचा बाप, त्यानं न स्वीकारलेलं पोर, दुसऱ्याच्या घरात वाढणं. अधिरथाच्या जागी आजीबरोबर राहणारा मुसलमान दादा, जो रक्ताचा कुणी लागत नाही आणि सगळ्यात जास्त आजोबा आहे. पण इथं कवचकुंडलं नाहीत. पाटलाचं रक्त अंगात असण्यानं पोराला काय मिळालं? शाळेत बापाचं नाव काय लावायचं हा प्रश्न. महारवाड्यात सुद्धा कमअस्सल म्हणून टोमणा. भूक. वरचं रक्त इथं वर नेत नाही, खालच्यांतही पुरतं राहू देत नाही. अद्भुतकथेत आणि वास्तवात हा एवढाच फरक आहे आणि तो पुरेसा आहे. कर्णाला गुपित कळतं तेव्हा तो मोठा होतो. शरणकुमारच्या गावात गुपित नव्हतंच, सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तर अक्करमाशी.

सदाशिवपेठी समीक्षेनं कर्णाबद्दल बोलताना 'नियती' हा शब्द झिजवून टाकला. नियतीनं छळलं, नियतीनं फसवलं. 'अक्करमाशी'बद्दल बोलताना नियती म्हणायची सोय राहिली नाही, कारण पाटलाला नाव होतं, वाडा होता, जमीन होती.

आपल्या बाजूचंही बोलायला पाहिजे, नुसतं दुसऱ्याच्या ताटातलं माशी मोजून चालणार नाही. आपण सूर्यपुत्र हा शब्द किती वापरतो? जयंतीच्या फ्लेक्सवर, गाण्यात, कवितेत. बाबासाहेबांच्या मुलाच्या, भैय्यासाहेबांच्या नावाआधी तो कायमचाच लागलाय. प्रेमानं लावलेला शब्द आहे, त्या प्रेमाबद्दल वाद नाही. पण शब्द कर्णाचा आहे. बाबासाहेबांना सूर्य म्हणा, उजेड दिला म्हणून म्हणा. पुत्र म्हटलं की वंश सुरू होतो. मग नागवंश येतो, मग आम्ही मूळचे राजे होतो, मग आमच्याही तलवारी निघतात. मला ह्याचं आकर्षण कळतं. ज्याला दोन हजार वर्षं माणूस म्हटलं नाही त्याला राजा व्हावंसं वाटणारच. पण ज्या काट्यावर आपल्याला अकरा मासे ठरवलं त्याच काट्यावर बसून आम्ही तेरा मासे भरतो असं ओरडण्यात विद्रोह कुठला?

बाबासाहेबांनी हा काटाच उचलून फेकला होता. १९१६ च्या मे महिन्यात, पंचवीस वर्षांचे असताना, कोलंबियात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितलं की ह्या देशातली माणसं केव्हाच एकमेकांत मिसळून गेलीत आणि जात टिकते ती जातीबाहेर लग्न बंद केल्यामुळं. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त शुद्ध रक्ताची भाषा त्यांनी देवदत्त भांडारकरांचा दाखला देऊन मोडीत काढली. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात तर नाकाच्या मोजमापांचे आकडे घेऊन बसले आणि अस्पृश्य हा वेगळा वंश नाही हे दाखवलं. आणि मनूच्या संकरजातींच्या यादीची जी चिरफाड केली ती वाचताना रात्री एकटाच हसत होतो. मनू म्हणतो, चांडाळ म्हणजे शूद्र बाप आणि ब्राह्मण आई. बाबासाहेब साधा हिशेब विचारतात: देशात चांडाळ एवढे, मग किती ब्राह्मण बायका शूद्रांकडं गेल्या असतील? पोथीतल्या कल्पितकथेला त्यांनी खानेसुमारीच्या पाटीवर बसवलं. मराठीत अद्भुतकथेची ह्यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. आणि त्याच माणसानं रोटी नव्हे तर बेटी व्यवहार, रक्त एकमेकांत मिसळणं, हाच खरा उपाय असंही सांगितलं. म्हणजे संकर ज्याला पोथी पाप म्हणते, अर्जुन गीतेच्या पहिल्या अध्यायात ज्याला घाबरून धनुष्य टाकतो, तोच आपला जाहीरनामा आहे.

म्हणून पुन्हा 'मृत्युंजय'कडं येतो. ती सहा तोंडांनी सांगितलेली आहे: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. शोण म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ. राधेच्या पोटचा. खरा सूतपुत्र पुस्तकात कोण असेल तर हा. एकाच घरात वाढला, एकाच आईचं दूध प्याला. त्याला कुंडलं नाहीत, त्याची कातडी सोन्याची नाही. कर्ण हस्तिनापूरला निघतो तेव्हा लहानगा शोण रथामागं पळत सुटतो, हा प्रसंग वाचलेला माणूस विसरत नाही. सावंतांची लेखणी तिथं खरी चालली आहे. शोणाला त्यांनी बोलायला एक भाग दिला हेही मान्य. पण तो बोलतो काय? दादा. माझा दादा. दादा असा, दादा तसा. जन्मभर रथामागं पळतोय. स्वतः धनुष्य उचललं तर काय झालं असतं, कृपाचार्यानं विचारलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं, त्याच्या मागं कुठलाही सूर्य नसताना? ह्या प्रश्नाजवळ कादंबरी जात नाही. जाऊ शकत नाही, कारण शोणाला जर जमलं तर कर्णाला जमण्यात काही अद्भुत उरत नाही.

कर्णाला एक गोष्ट मात्र द्यावी लागेल, आणि ती मूळ महाभारतातली आहे. युद्धाआधी कृष्ण त्याला सांगतो की तू कुंतीचा, चल, थोरला पांडव म्हणून राजा हो. कर्ण नाही म्हणतो. राधेला मला बघून पान्हा फुटला, माझं मलमूत्र तिनं काढलं, माझे संस्कार सूतांचे झाले, माझ्या बायका सूतांच्या, माझी पोरंनातवंडं त्यांच्यात आहेत. रक्त हातात आणून दिलेलं असताना त्यानं परत केलं. आपल्या कवींनी कर्ण घ्यायचाच असेल तर एवढाच घ्यावा. चाकाखाली रुतलेला, न्याय मागणारा कर्ण पुष्कळ झाला.

युद्ध संपल्यावर नदीवर तर्पण चाललेलं असतं तेव्हा कुंती सांगते, कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिर कोसळतो. अभिमन्यूच्या मरणापेक्षा हे दुःख मोठं म्हणतो. त्याला आठवतं, की द्यूतसभेत राग आला होता तेव्हा कर्णाच्या पायांकडं नजर गेली, ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसले आणि राग निवला. रक्तानं रक्त ओळखलं होतं म्हणे. कालपर्यंत ह्याच कर्णाला मारल्याचा आनंद होता, कारण तो सूत होता. आता शोक, कारण तो आपला होता. कर्णाचे सूत भाऊ पण ह्याच वैरात मेले, विराटाच्या गाई वळवताना आणि पुढं द्रोणपर्वात, अर्जुनाच्याच बाणांनी. युधिष्ठिराच्या त्या विलापात त्यांच्यावर एक अक्षर नाही. त्यांचे पाय राधेसारखे होते.